किराण्याचा खर्च न वाढवता वजन कसं उतरवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाईंचं वय ३८, उंची ५ फूट १ इंच, वजन ७४ किलो. बेळगावात अनगोळला घर. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत, दोन शाळकरी मुलं, सासूबाई, म्हणजे पाच माणसांचा संसार. किराण्याचे पैसे ठरलेले, रेशनचा तांदूळ येतो. कुणी ओट्स सांगतं, कुणी पावडरीचे डबे, कुणी जिम, आणि त्यातलं काहीच परवडत नाही. जास्तीचा रुपया न घालता १२ किलो कमी होतील का?

होतील, ताई. पण महिन्याला दीड किलोच्या हिशेबानं, म्हणजे आठ ते दहा महिने धरा. फार भरभर उतरवलंत तर चरबीबरोबर स्नायूही जातात, केस गळतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि खाणं पूर्ववत झालं की वजन परत येतं. पहिले चार किलो गेले, तरी साखर, रक्तदाब आणि गुडघ्यांना फरक जाणवायला लागतो. म्हणून नजर त्या पहिल्या चार किलोंवर ठेवा.

माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: माप ताटात घेऊ नका, महिन्याच्या बाजारात घ्या. पाच जणांचा स्वयंपाक करणारी बाई प्रत्येक घास मोजू शकत नाही. आठवडाभरात ते सुटतंच. पण तेल किती लिटर आणलं, साखर किती, डाळ-कडधान्य किती, हे महिन्यातून एकदा ठरवता येतं, आणि घरात जे आलं तेच पोटात जातं. शिवाय तेल, साखर, बिस्किटं, फरसाण यांतून वाचलेल्या पैशातच कडधान्य येतं. वजन कमी करण्याचं आणि काटकसरीचं गणित इथे एकाच दिशेनं चालतं.

तेलापासून सुरू करू. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल सहज जातं. म्हणजे माणशी दिवसाला साधारण ३० ग्रॅम, पावणेतीनशे कॅलरी. ते तीन लिटरवर आणायचं. माणशी १८ ग्रॅम होतं, आणि दुसरं काही न बदलता प्रत्येकाच्या पोटातल्या रोजच्या शंभरएक कॅलरी कमी होतात. नुसतं 'तेल कमी घाला' म्हणून ते कमी होत नाही, कारण किटलीतून धार सोडताना हाताला अंदाज राहत नाही. त्यावर उपाय असा: दर सोमवारी एका बाटलीत ७०० मिली तेल मोजून भरा आणि मोठा डबा वर ठेवून द्या. ही आठवड्याची बाटली. रोज १०० मिली. सकाळ-संध्याकाळच्या मिळून चार फोडण्या, प्रत्येकी तीन चहाचे चमचे, म्हणजे ६० मिली. उरलेले ४० मिली चपातीला, डोशाला, अंड्याच्या पोळीला. शुक्रवारी बाटली रिकामी झाली, तर शनिवार-रविवार उकडलेलं, भाजलेलं, वाफवलेलं करायचं. डब्याला हात लावायचा नाही. पहिल्या दोन आठवड्यांत बाटली लवकर संपते, तिसऱ्यात हात बसतो.

तीन चमच्यांत फोडणी करपते, मसाला तळाला लागतो, ही तक्रार खरी आहे. त्याचं कारण बहुतेक वेळा कांदा असतो. कांदा तेलात परतत बसलं की तो तेल पितो. त्याऐवजी कांदा आधी कोरड्या तव्यावर चिमूटभर मीठ घालून झाकून ठेवा, त्याला स्वतःचं पाणी सुटतं आणि तो मऊ होतो. गरज पडली तर पाण्याचा हबका मारा. सुकं खोबरं, तीळ, कांदा-लसूण वाटणासाठी कोरडंच भाजा. फोडणी शेवटी, छोट्या पळीत, वरून द्या. तर्रीचा लाल रंग हवा असेल, तर पळीतलं तेल गरम झाल्यावर गॅस बंद करून मग त्यात तिखट घाला. तेवढ्याच तेलात रंग चढतो आणि तिखट जळत नाही.

आपल्या भागात दोन गोष्टी कुणी तेलात धरत नाही, आणि तिथेच फसगत होते: शेंगदाण्याचं कूट आणि खोबरं. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात, सुक्या खोबऱ्यात त्याहून जास्त. भाजीत मूठ, कोशिंबिरीत मूठ, भाकरीबरोबर चटणी, असं करत माणशी दिवसाला ३० ग्रॅम कूट जातं, आणि तेलात वाचवलेलं सगळं परत येतं. शेंगदाणे वाईट नाहीत, त्यात प्रथिनं भरपूर आहेत. फक्त पाच जणांत आठवड्याला ३५० ग्रॅम हे माप ठेवा. चटणी जेवणाला एक चमचा. कारळ्याची आणि जवसाची चटणीही याच मापात, कारण त्यातही तेलच असतं.

साखर महिन्याला पाच किलो येत असेल, तर अडीचवर आणा. तुमच्यापुरतं सांगायचं तर दिवसाला दोन चहाचे चमचे, म्हणजे दोन कप चहा, कपाला एक चमचा. चार कप आणि कपाला दोन चमचे या हिशेबानं साखरेच्याच १६० कॅलरी होतात, दूध वेगळं. एकदम तोडू नका. दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी केला की महिन्यात जीभ सवयीला येते. आणि गूळ. चिकोडी, अथणी, निपाणीकडे ऊस आपल्या दारात पिकतो, म्हणून गूळ औषधी असल्यासारखा मोकळ्या हातानं पडतो. वजनाच्या बाबतीत गूळ आणि साखर जवळजवळ सारखेच. साखर बंद करून गुळाचा चहा सुरू केला तर काट्यावर काही दिसणार नाही.

चहाबरोबरची खारी, बटर, टोस्ट आणि बिस्किटं महिन्याच्या यादीतून पूर्ण काढा. पाच ग्लुकोज बिस्किटांच्या शंभरावर कॅलरी होतात आणि तासाभरात परत भूक लागते. दुपारी चारला काही हवंच असेल, तर वाटीभर भाजलेले फुटाणे, किंवा चिरमुरे कांदा, कोथिंबीर, लिंबू घालून. चिरमुरे हलके असतात, ३० ग्रॅममध्ये मोठा वाडगा भरतो आणि कॅलरी शंभरेक. त्यांचा भडंग केला, की तेल-शेंगदाण्यांनी त्याच वाडग्याच्या अडीचशे होतात.

आता वाचलेले पैसे कुठे घालायचे? दोन लिटर तेल, अडीच किलो साखर, बिस्किटं आणि फरसाण यांच्या पैशात चार-पाच किलो डाळ-कडधान्य येतं. महिन्याला तीन किलो आणत असाल तर आठ किलो आणा. सगळ्या उत्तरातली ही सर्वांत महत्त्वाची अदलाबदल आहे. भूक धरून ठेवण्याचं काम प्रथिनं आणि चोथा करतात, आणि वजन उतरताना स्नायू वाचवण्याचं काम प्रथिनं करतात. तुम्हाला दिवसाला ५५ ते ६० ग्रॅम प्रथिनं लागतील. भात, आमटीचं पाणी आणि बटाट्याची भाजी यांत ती ३५ च्या पुढे जात नाहीत.

काय घ्यायचं? तूरडाळ महाग पडते, ती निम्मी करा. बाकी हुलगे (म्हणजे कुळीथ), अख्खी मसूर, मटकी, चवळी, जे त्या महिन्यात स्वस्त असेल ते. कोरड्या १०० ग्रॅममागे या सगळ्यांत प्रथिनं २० ते २४ ग्रॅम, फार फरक नाही. हुलगे स्वस्तात स्वस्त, पण लोक ते टाळतात, कारण शिजत नाहीत. हुलगे १० ते १२ तास भिजवा, पाणी फेका, फडक्यात बांधा. उन्हाळ्यात १२ तासांत मोड येतात, पावसाळ्यात आणि थंडीत २४ ते ३६ तास लागतात. आपल्याकडच्या पावसाळी हवेत मोडांना वास येतो, तो फडकं ओलंगच्च राहिल्यामुळे. पाणी पूर्ण निथळू द्या, गाठ सैल बांधा आणि बारा तासांनी एकदा धुऊन परत बांधा. शिजवताना पाणी बोटभर वर, कुकरच्या पाच शिट्ट्या, मग मंद आचेवर दहा मिनिटं. मीठ आणि चिंच-आमसूल शिजल्यावरच. आंबट आधी पडलं की दाणे अडून बसतात. तरीही थोडे गणंग, म्हणजे न शिजणारे दाणे, राहतात, ते निवडतानाच काढायची सवय ठेवा. शिजवलेलं पाणी टाकू नका, त्याचं लसूण-जिऱ्याचं कट होतं. हुलगे भाजून दळून ठेवले तर माडगंही करता येतं: दोन चमचे पीठ, पेलाभर पाणी, मीठ, जिरं, गुळाशिवाय. संध्याकाळच्या भुकेला ते चहा-खारीपेक्षा शंभरपट बरं.

सोयाबीनच्या वड्या आठवड्यातून दोनदा, पाच जणांत १०० ग्रॅम. कोरड्या वडीत निम्मी प्रथिनं असतात आणि त्या मानानं ती फार स्वस्त पडते. गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून, दोनदा पिळून, मग रश्श्यात घाला, म्हणजे वास जातो. शेतातलं किंवा बाजारातलं सोयाबीन चपातीच्या पिठात घालायचं असेल, तर ९ किलो गव्हाला १ किलो, आणि आधी खमंग भाजून. कच्चं दळलेलं सोयाबीन पचायला जड जातं. भाकरीच्या पिठात मात्र घालू नका, भाकरी थापताना चिरते. अंडी चालत असतील तर दिवसाआड एक. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं आणि सत्तर-पंचाहत्तर कॅलरी.

भाकरी आणि भात यांबद्दल एक गैरसमज काढून टाकायला हवा. 'भात बंद करून जोंधळ्याची (ज्वारीची) भाकरी खा' हा सल्ला तुम्हाला गल्लीत दहा जणांनी दिला असेल. पण वजनाला वजन धरलं तर जोंधळ्याचं पीठ आणि तांदूळ यांच्या कॅलरीत नाव घेण्यासारखा फरक नाही, दोन्हींत १०० ग्रॅममागे साधारण साडेतीनशे. भाकरीचा फायदा असा, की तिच्यात चोथा जास्त, ती चावून खावी लागते, म्हणून कमीत पोट भरतं. हा फायदा भाकरी लहान असेल तरच. तुमची भाकरी किती ग्रॅमची आहे ते काट्याशिवाय कळतं: एक किलो पीठ मोजून घ्या आणि त्यात किती भाकरी झाल्या ते मोजा. १२ झाल्या तर एक भाकरी ८३ ग्रॅम पिठाची, पावणेतीनशे कॅलरीची. २० झाल्या तर ५० ग्रॅमची, १७० कॅलरीची. 'मी दोनच भाकरी खाते' म्हणणाऱ्या दोघींच्या पोटात दोनशे कॅलरींचा फरक पडतो तो इथे. तुमच्यासाठी किलोला वीस या मापाच्या, दिवसाला तीन. नवऱ्यासाठी मोठी भाकरी थापा आणि त्यांना हवी तेवढी खाऊ द्या. भट्टीसमोरच्या कामाला ती लागते.

रेशनचा तांदूळ फुकट येतो, म्हणून तो तीन वेळा शिजतो. कर्नाटक सरकारची ही अन्नभाग्य योजना २०१३ पासून आहे, आणि त्यामुळे कित्येक घरांत चूल पेटती राहिली. तो तांदूळ टाकायचा नाही, विकायचाही नाही. त्याला जागा नेमून द्यायची. तुमच्या वाट्याचा भात दिवसातून एकदाच, ४० ग्रॅम तांदळाचा, शिजून सपाट एक वाटी. बाकी तांदूळ आंबोळ्यांना आणि डोशांना वापरा, पण प्रमाण बदला. आपण चार वाट्या तांदळाला एक वाटी उडीद घेतो. त्याऐवजी दोन वाट्या तांदूळ, अर्धी वाटी उडीद, अर्धी वाटी हुलगे किंवा मूग आणि चमचाभर मेथ्या. तांदळाला कडधान्य दोनास एक झालं की हाच डोसा नाश्त्याला पोटभर होतो. हुलग्यांमुळे रंग काळपट येतो आणि पीठ थोडं चिकटतं. तवा चांगला तापल्यावर कांद्याच्या फोडीनं तेल फिरवा, सुटतो.

नाश्त्याला रोज उप्पीट किंवा पोहे असतील, तर साडेदहाला भूक का लागते त्याचं उत्तर तिथेच आहे. रवा, तेल, वर शेव, यात प्रथिनं नावालाच. आठवड्यातून दोनदा ठेवा, तेही निम्म्या रव्याला निम्म्या भाज्या घालून. इतर दिवशी रात्रीची उसळ वाटीभर आणि अर्धी भाकरी, किंवा वरचे डोसे दोन.

भाजी आठवड्याला आठ-नऊ किलो लागेल, हे ऐकून घाबरू नका. फ्लॉवर, ढोबळी, मटार यांची नावं घेऊ नका. कोबी, दुधी, लाल भोपळा, मुळा, काकडी आणि पालेभाज्या: मेथी, शेपू, चाकवत, माठ. बाजार उठायच्या वेळी, संध्याकाळी पालेभाजीचे भाव पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी करायची असेल तर ती जुडी चालते. फक्त घरी आल्यावर दोरी सोडा आणि न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळा, नाहीतर रात्रीत आतून कुजते. फळांत पेरू, पपई, केळं. सफरचंदाची काहीच गरज नाही.

दिवसाचा हिशेब असा बसतो: जोंधळ्याचं पीठ १५० ग्रॅम, तांदूळ ४०, कडधान्य-डाळ ७०, दूध-दही-ताक मिळून पाव लिटर दुधाचं, शेंगदाणे १०, तेल चार चमचे, साखर दोन चमचे, भाजी ३०० ग्रॅम, एक फळ, आणि आलटून पालटून अंडं किंवा सोयावडी. सगळं मिळून कॅलरी दीड हजाराच्या आसपास आणि प्रथिनं पंचावन्नच्या घरात. तुमच्या वजन-उंचीच्या बाईला घरकाम धरून साधारण १९०० लागतात. या चारशेच्या तुटीतूनच महिन्याला दीड किलो उतरतं. जेवताना आधी कोशिंबीर किंवा भाजी, मग उसळ-भाकरी, भात शेवटी. मुलांना यातलं काहीही कमी करायचं नाही, फक्त बिस्किटांच्या जागी फुटाणे-केळी.

बहुतेकांचं गाडं तीन ठिकाणी अडतं. एक, पोरांच्या ताटात उरलेलं. अन्न टाकू नये म्हणून आई उभ्या उभ्या दोन घास संपवते. ते दिवसाला दीडशे-दोनशे कॅलरींपर्यंत जातं. मुलांना पहिल्यांदा अर्धं वाढा, मागितलं की परत. उरलेला भात सकाळच्या डोशाच्या पिठात वाटून घाला. दुसरं, उपवास. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी केली तर त्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त खाणं होतं: साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट (स्टार्च), वर तेल आणि कूट. बेळगाव भागात रताळी चांगली पिकतात, हंगामात स्वस्तही असतात. उकडलेलं मध्यम रताळं, पेलाभर ताक, मूठभर भाजलेले शेंगदाणे एवढ्यावर उपवास उत्तम होतो. तिसरं, विकत घेतलेली आशा. लिंबू-मधाचं पाणी, ग्रीन टी, चिया, ओळखीच्या बाईनं गळ्यात मारलेले पावडरीचे डबे, यांतल्या कशानंही चरबी वितळत नाही. त्या एका डब्याच्या पैशात महिन्याचं कडधान्य येतं. सणाला पुरणपोळी खा, कुंदा घरात आला तर एक चमचा घ्या. घात होतो तो सणानंतर आठवडाभर डबा उघडा राहिल्यानं.

चालण्याबद्दल थोडक्यात. अर्धा तास भरभर चालल्यानं तुमच्या वजनाला सव्वाशे-दीडशे कॅलरी जळतात, म्हणजे साधारण अर्ध्या वडापावएवढ्याच. तरीही रोज चाला. चालण्यानं साखर आटोक्यात राहते, झोप लागते आणि उतरलेलं वजन टिकतं. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाल्यावर पूर्वी पायी होणारं अंतरही बसनं होऊ लागलंय. दोन थांबे आधी उतरा. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात पहाटे बायका बिनधास्त चालतात, अनगोळहून तो लांब नाही. जून ते सप्टेंबर पावसात बाहेर पडणं होत नाही आणि तिथेच खंड पडतो, म्हणून घरातला पर्याय आत्ताच लावून घ्या: खुर्चीवरून हात न टेकता उठबस १० वेळा, भिंतीवर हात टेकून ढकलणं १० वेळा, दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटल्या घेऊन वर उचलणं १० वेळा. याच्या तीन फेऱ्या, आठवड्यातून चारदा. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा.

वजन आठवड्यातून एकदाच बघा, सकाळी, पोट साफ झाल्यावर, त्याच कपड्यांत. घरी काटा नसेल तर बेंबीच्या रेषेत सुतळी गुंडाळून गाठ मारा आणि दर पंधरवड्याला त्याच सुतळीवर नवी गाठ. बायकांच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा. पहिल्या आठवड्यात किलो-दीड किलो एकदम जातं, ते मुख्यतः पाणी असतं. पाळीच्या आधी किलोभर वाढतं, तेही पाणीच. चार आठवडे काटा आणि सुतळी दोन्ही जागच्या जागी राहिल्या, तरच काही बदला. आणि बदलण्याआधी तेलाची बाटली, कूट आणि किलोतल्या भाकऱ्या हे तीन परत मोजा. त्यांतलं एक तरी सुटलेलं सापडतं.

एवढं सुरू करण्याआधी सरकारी दवाखान्यात रक्तदाब, उपाशीपोटी साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं; ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर जेवण कमी झालं की साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येते. तसं झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, तिथे वजनाचा विचार करू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कडधान्य वाढवण्याआधी विचारा. दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर हा हिशेब लागू नाही. आणि सासूबाईंच्या ताटाला हा नियम लावू नका. त्या वयात वजन आपोआप उतरत असेल, तर ते दवाखान्यात दाखवायचं लक्षण आहे.